तेल घातले तरी जुनी शिलाई मशीन पुन्हा पुन्हा जड का होते?

माळ्यावरून किंवा आजीच्या खोलीतून जुनी काळी पायमशीन बाहेर काढावी, तिला तेल घालावे, दोन दिवस ती अगदी हलकी चालावी आणि चौथ्या दिवशी पुन्हा पायाला भार देऊ लागावी, हा अनुभव जुन्या मशिनी वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला येतो. मग पुन्हा तेल घातले जाते, पुन्हा दोन दिवस बरे जातात, आणि असे चार-सहा वेळा झाले की घरातले म्हणू लागतात की मशीन आता म्हातारी झाली, भंगारात द्या. ते दुखणे वयाचे नसते. परभणीत माझ्याकडे अशा सहा मशिनी आहेत, त्यांतल्या चारांवर मी रोज ना रोज काही शिवते, आणि सहाही मशिनी माझ्याकडे आल्या तेव्हा जडच होत्या. त्या कशाने जड होतात आणि ते कायमचे कसे घालवायचे, तेवढेच येथे सांगते.

सर्वांत जास्त शिकवले ते सेलूच्या आत्याबाईंच्या मशिनीने. ती सिंगर कंपनीची 15के नावाची मशीन आहे. खालच्या पाटावर उजवीकडे ठोकलेला तिचा क्रमांक वाय या अक्षराने सुरू होतो, म्हणजे ती स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्यात दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बनलेली आहे. 15के मधला ‘के’ त्या किलबोवीचाच. निजामाचे राज्य असताना घरात आलेल्या या मशिनीवर तीन पिढ्यांची झबली-टोपडी, परकर आणि शाळेचे गणवेश शिवून झाले. आत्याबाईंची तक्रार एकच होती : “अगं, परवाच तेल टाकलं की, तरी बी जड चालायली.” मी डाव्या टोकाची, सुईच्या वरची उभी पट्टी तिचा एक स्क्रू काढून उघडली आणि कारण समोर आले. जुन्या कढईच्या बाहेरच्या बाजूला वर्षानुवर्षे ओघळलेल्या तेलाचे जे तपकिरी, चकचकीत, नखाने न निघणारे कवच जमते, अगदी तसेच कवच सुईदांडीवर आणि तिला वर-खाली हलवणाऱ्या सांध्यावर चढले होते. नखाने खरवडले तेव्हा त्याचे बारीक, पारदर्शक पापुद्रे निघाले आणि त्यांना जुन्या तळणाचा वास येत होता. विचारल्यावर आत्याबाईंनी सांगितले की मशीनचे तेल संपले की त्या घाण्यावरचे करडईचे तेल घालत असत, कारण ते “चांगलं पातळ असतंय”.

आपल्या भागात या दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा हेच असते. मराठवाड्यात करडई पूर्वीपासून पिकते, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाने तर ‘परभणी कुसुम’ नावाचे तिचे वाणही काढलेले आहे. हे तेल खाण्यासाठी उत्तम असले, तरी मशिनीसाठी ते जवळजवळ सर्वांत वाईट आहे, आणि याचे कारण त्याच्या घडणीत आहे. नेहमीच्या करडई तेलात सुमारे तीन चतुर्थांश वाटा लिनोलिक आम्लाचा असतो. हे आम्ल हवेतला प्राणवायू घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि पातळ तेलाचा हळूहळू घट्ट, न विरघळणारा पापुद्रा बनतो. जवसाचे तेल याहूनही लवकर वाळते, म्हणून तर रंगात आणि लांबीत (पुट्टीत) ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. रंगाचे तेल वाळावे म्हणून जे मुद्दाम केले जाते ते मशिनीत आपोआप घडते : तेलाचा थर अगदी पातळ असतो, त्याला हवा सर्व बाजूंनी मिळते आणि वर मे महिन्यातली चाळीस अंशांपुढची उष्णता असते. थोडक्यात, करडई किंवा जवस घालणारा माणूस मशिनीला आतून वॉर्निश लावत असतो.

नवे तेल घातल्यावर मशीन दोन दिवस का हलकी होते, तेही यावरून कळते. नवे तेल जुन्या कवचाच्या वरून वाहते, थोडा वेळ दोन भागांच्या मध्ये राहते आणि मग निथळून खाली जाते. कवच जागेवरच असते. सुईदांडी आणि तिची नळी यांच्यामधली फट केसाहूनही बारीक असते, आणि त्या फटीत कवच असेपर्यंत नव्या तेलाला थांबायला जागाच मिळत नाही. म्हणूनच जास्त तेल घालून हा प्रश्न कधीही सुटत नाही. उलट खाली साचलेले तेल कापडाला डाग पाडते आणि कापसाची फुगी धरून ठेवते.

कोणते तेल पडले असावे, हे मशीन केव्हा जड होते यावरून बऱ्यापैकी ओळखता येते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी चाक हलतच नसेल आणि दुपारी उन्हे तापल्यावर तीच मशीन बरी चालत असेल, तर आत खोबरेल आहे असे समजावे. खोबरेल सुमारे 24 अंशांच्या खाली गोठू लागते, आणि आपल्याकडची थंडीची पहाट त्याहून पुष्कळ खाली असते. ऋतू कोणताही असो, मशीन दर आठवड्याला थोडी थोडी जड होत जात असेल, तर करडई, जवस किंवा तसेच वाळणारे तेल पडलेले असते. एरंडेल सहसा वाळून कवच धरत नाही, पण ते मुळातच इतके दाट असते की बैलगाडीच्या आसाला ते शोभते, मिनिटाला शेकडो वेळा वर-खाली होणाऱ्या सुईदांडीला शोभत नाही. काल हलकी असलेली मशीन आज एकदम अडकली असेल, तर मात्र तेलाचा विचार बाजूला ठेवावा. तो बहुतेक वेळा धागा असतो.

दुरुस्तीला हात घालण्याआधी जडपणा नेमका कुठे आहे हे शोधावे, कारण पुष्कळ लोक सगळी मशीन खोलतात आणि दोष पायडलमध्ये निघतो. प्रथम चाकावरचा चामड्याचा पट्टा उतरवावा आणि नुसते पायडल पायाने हलवावे. ते खालीच जड वाटले तर वरच्या मशिनीचा काहीही दोष नाही. मोठ्या लोखंडी चाकाच्या आसाभोवती गुंडाळलेले केस आणि धागे कापून काढावेत, पायडल ज्या दोन टोकांवर झुलते ती टोके आणि पायडलला चाकाशी जोडणारा उभा दांडा यांना तेल द्यावे, म्हणजे काम झाले. पायडल आणि वरचे चाक वेगवेगळे हलके फिरत असूनही पट्टा चढवल्यावर भार येत असेल तर पट्टा फार आखूड आहे. तो चाकाला ओढून धरण्याइतका ताणलेला नसावा, फक्त घसरू नये एवढाच घट्ट असावा.

पायडल हलके असेल तर वर यावे. उजवीकडच्या चाकाच्या मधोमध जो मोठा गोल स्क्रू असतो, तो डाव्या हाताने चाक धरून उजव्या हाताने आपल्याकडे फिरवत सैल करावा. बॉबिन भरताना आपण जे करतो तेच हे. आता सुई न हलता नुसते चाक फिरले पाहिजे. नुसते चाकच जड फिरत असेल तर दोष चाक आणि त्याच्या आतल्या आसाच्या मध्ये आहे, किंवा बॉबिन भरण्याच्या यंत्राचे रबर चाकाला सतत घासते आहे. चाक मोकळे फिरत असेल तर स्क्रू परत आवळावा, सुई काढावी, कापड दाबणारा फूट वर उचलावा, बॉबिनची डबी आणि शटल, म्हणजे तिच्याभोवती धाग्याचा फास फिरवणारा भाग, बाहेर काढावे (ते कसे, ते पुढे सांगते) आणि पुन्हा चाक फिरवून पाहावे. शटल काढताच मशीन हलकी झाली तर सगळा दोष शटलघरात आहे. तरीही जडच राहिली तर दोष वरच्या आसात, सुईदांडीत किंवा कापड सरकवणारे दाते हलवणाऱ्या खालच्या भागांत आहे.

या तपासणीत एक गोष्ट कसोशीने पाळावी. चाक नेहमी आपल्याकडेच फिरवावे. लहान मुलांनी ते उलटे फिरवले की धागा शटलच्या मागे ओढला जातो, आणि अचानक अडकलेल्या मशिनींत मला बहुतेक वेळा असाच ओढला गेलेला धागा सापडला आहे. जोर लावून चाक फिरवणे किंवा हातोडीने ठोकणे तर अजिबात नको. जुन्या मशिनीचे भाग कडक असतात, जोराने ते तुटू शकतात.

शटल काढणे सोपे आहे, तरी लोक उगाच घाबरतात. सुई पूर्ण वर आणून बॉबिनची डबी काढली की शटलघराच्या दोन्ही बाजूंना दोन लहान खटके दिसतात. ते बाहेरच्या बाजूला फिरवले की वरची गोल कडी आणि तिच्यामागून चंद्रकोरीसारखे शटल हातात येते. शटल कोणत्या बाजूने बसले होते ते काढतानाच नीट पाहून घ्यावे किंवा फोनवर छायाचित्र काढावे. आतल्या खोबणीत अडकलेले धाग्याचे तुकडे चिमट्याने काढावेत. काही ठिकाणी काडी पेटवून धागा जाळण्याची पद्धत मी पाहिली आहे, आणि ती मला मुळीच मान्य नाही, कारण आजकालचा पॉलिस्टर धागा जळून जात नाही, वितळून खोबणीतच चिकटतो. त्याच वेळी सुईखालची पत्री तिचे दोन स्क्रू काढून उचलावी. दात्यांच्या ओळींमध्ये कापसाची फुगी आणि तेल मिळून घोंगडीच्या तुकड्यासारखा घट्ट थर बसलेला असतो. जुन्या साड्यांच्या वाकळा मशिनीवर शिवणाऱ्यांच्या घरी तर तो इतका दाबलेला असतो की दाते पूर्ण खाली जाऊच शकत नाहीत आणि दर टाक्याला ‘ठक्’ असा आवाज येतो. टोकदार काडीने तो खरडून काढावा आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशने साफ करावे. तोंडाने फुंकू नये, कारण तोंडाच्या वाफेने लोखंड गंजते.

आता मुख्य काम, म्हणजे वाळलेले कवच काढणे. यासाठी काही नवे शोधावे लागत नाही. मशीन बरेच दिवस बंद राहून जड चालत असेल तर थोडे रॉकेल घालावे, ती भरभर चालवावी, मग पुसून तेल द्यावे, असे सिंगरच्या जुन्या माहितीपुस्तिकांतच छापलेले आहे. रॉकेल मिळत नसेल तर रंगाच्या दुकानातले मिनरल टर्पेन्टाइन आतल्या भागांसाठी चालते. दोन्ही ज्वालाग्राही आहेत, म्हणून हे काम अंगणात किंवा ओसरीवर करावे, चुलीच्या आणि देवासमोरच्या दिव्याच्या आसपास मुळीच करू नये. खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे आणि मशीनचे डोके मागे कलते करून ठेवावे.

कवच फार घट्ट असेल तर आधी त्याला ऊब द्यावी. आमच्याकडचे चैत्र-वैशाखातले ऊन या कामाला मोठे उपयोगी पडते. मशीनचे डोके स्टँडवरून काढून, जाड कापडात गुंडाळून तासभर उन्हात ठेवले की आतले कवच मऊ होते आणि रॉकेल त्यात लवकर मुरते. उघड्या काळ्या रंगावर थेट ऊन मात्र घेऊ नये, सोनेरी नक्षीवरचा जुना वॉर्निश त्याने तडकू शकतो.

मग तेलाच्या प्रत्येक छिद्रात, डाव्या पट्टीच्या आतल्या सांध्यांवर, 15 वर्गाच्या, म्हणजे 15के सारख्या, मशिनीत पाठीमागे असलेल्या गोल झाकणाच्या आत आणि खालच्या दोन्ही आसांच्या टोकांना रॉकेलचे चार-पाच थेंब द्यावेत आणि चाक हळूहळू मागे-पुढे न करता, आपल्याकडेच, जितके जाईल तितके फिरवावे. सुरुवातीला ते अर्धा फेराही जाणार नाही. दहा मिनिटे थांबून पुन्हा थेंब द्यावेत. थोड्या वेळाने छिद्रांतून चहाच्या रंगाचे, मग काळसर पाणी ओघळू लागते. ते जुन्या सुती कापडाने लगेच टिपून घ्यावे, कारण तेच पुन्हा आत गेले तर सारी मेहनत वाया जाते. आत्याबाईंच्या मशिनीला हे मी तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ केले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाक पूर्ण फिरू लागले, आणि तिसऱ्या दिवशी पुसलेल्या फडक्यावर डाग उमटेनासा झाला. काम संपल्याची खूण हीच धरावी : चाक हलके झाले म्हणून थांबू नये, फडके स्वच्छ निघेपर्यंत थांबू नये.

चाकाच्या आतला भाग पुष्कळजण विसरतात, आणि दोन आठवड्यांनी जडपणा परत येण्याचे ते एक मोठे कारण आहे. मोठ्या गोल स्क्रूच्या कडेला एक अगदी लहान स्क्रू असतो. तो काढला की मोठा स्क्रू पूर्ण निघतो, त्यामागे बाहेरच्या कडेला तीन कान असलेली एक पत्र्याची चकती असते आणि मग चाक सरळ ओढून बाहेर येते. आतला आस आणि चाकाचे भोक रॉकेलच्या फडक्याने पुसावे, तेलाचा एक थेंब लावावा आणि सारे परत बसवावे. चकतीचे आतले दोन वाकवलेले कान बाहेर, म्हणजे स्क्रूकडे, आले पाहिजेत. सगळे बसवल्यावर चाक फिरते पण सुई हलत नाही, किंवा स्क्रू सैल केला तरी सुई थांबत नाही असे झाले, तर काही बिघडलेले नाही. चकती अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवावी. हे मला माहीत नव्हते तेव्हा चांगली मशीन मी पंधरा दिवस बाजूला ठेवली होती.

रंगाबद्दलही सांगितले पाहिजे. जुन्या काळ्या मशिनींवरची सोनेरी नक्षी ही त्यांची शोभा असते आणि संग्राहकाच्या लेखी निम्मी किंमतही. या नक्षीवर स्पिरिट, थिनर किंवा सॅनिटायझर कधीही लावू नये, वरचा लाखेचा थर त्याने विरघळतो आणि सोने फडक्यावर येते. बाहेरून पुसायला मशीनचे तेल आणि कापसाचा बोळा पुरेसा आहे.

साफ झालेली मशीन रॉकेलवर सोडून रात्रभर ठेवू नये. रॉकेल जुने तेलही धुऊन नेते आणि उघडे पडलेले पोलाद पावसाळी हवेत दोन दिवसांत तांबूस होते. त्याच संध्याकाळी शिलाई मशीनचे पातळ, पाण्यासारखे पारदर्शक, वास नसलेले खनिज तेल प्रत्येक छिद्रात एक किंवा फार तर दोन थेंब घालावे. शटलच्या खोबणीला एक थेंब द्यावा. पट्ट्याला, बॉबिनच्या रबराला आणि धाग्याच्या ताणाच्या चकत्यांना तेल लागू देऊ नये. गाडीचे इंजिन ऑइल घालू नये, ते दाट असते आणि त्यात इंजिनासाठी मिसळलेली इतर द्रव्ये असतात. सिंगरच्या 201 सारख्या दंतचक्रे असलेल्या मशिनीत त्या चक्रांना मात्र तेल पुरत नाही, ग्रीस लागते. मग सुई लावून, फूट उचलून, धागा न ओवता पाच मिनिटे मशीन चालवावी आणि शेवटी जुन्या फडक्यावर दहा-बारा टिपा माराव्यात, म्हणजे उरलेले तेल कापडावर न येता फडक्यावर येईल.

यानंतरही पहिल्या महिन्यात जडपणा थोडासा परत येऊ शकतो, आणि त्याने निराश होऊ नये. फटीच्या खोलवर राहिलेले कवच नव्या तेलाने सैल होऊन बाहेर येत असते. छिद्राशी तपकिरी कड दिसली की पुन्हा रॉकेल, पुन्हा पुसणे, पुन्हा तेल. दोन किंवा तीन फेऱ्यांनंतर ते थांबते. हाताने फिरवायच्या 28के सारख्या मशिनींत, ज्यांचे शटल लांबट, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे असते, शटल ज्या पाळण्यात बसते तो पाळणाही असाच धुवावा लागतो, आणि त्यांचे सुटे भाग 15 वर्गासारखे कोणत्याही शिलाई साहित्याच्या दुकानात मिळत नाहीत, म्हणून तेथे हात अधिक हलका ठेवावा.

चाक प्रत्येक फेऱ्यात अगदी एकाच जागी अडत असेल, तर तो जडपणा तेलाचा नाही. एखादा भाग वाकला आहे, शटल आणि सुई यांची वेळ चुकली आहे किंवा दाते पत्रीला खालून लागत आहेत. अशा वेळी जाणत्या कारागिराकडे जावे, आणि त्याने सुईदांडी काढण्याआधी तिची उंची पेन्सिलीने खुणावून घेतली की नाही तेवढे पाहावे.

आत्याबाईंची मशीन साफ होऊन आता दोन पावसाळे झाले. करडईच्या तेलाची बाटली मी त्यांच्या हातून मशीनच्या खणातून काढून स्वयंपाकघरात ठेवायला लावली आणि खणात मशीनच्या तेलाची लहान कुप्पी ठेवली. शिवणकाम नसले तरी त्या पंधरा दिवसांतून एकदा झाकण उघडतात, चाकाला एका बोटाने आपल्याकडे फेरा देतात आणि ते फिरते आहे याची खात्री करून पुन्हा झाकण लावतात.